विंचू, ॲड्रेनलिन आणि महाडचा डॉक्टर

हापिसात आमच्या टीममधल्या एका गड्याला क्लायंटसमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. कोड झकास लिहितो, पण प्रेझेंटेशन म्हटलं की हात थरथरतात आणि आवाज चिरकतो. परवा तो डेमोच्या अर्धा तास आधी एक छोटीशी गोळी घेताना दिसला. विचारलं तर म्हणाला, "प्रोप्रॅनोलॉल. डॉक्टरनेच दिलीय. धडधड थांबते." डेमो चांगला झाला. मग नेहमीप्रमाणे मी वीकेंडला जालावर बसून त्या गोळीची कुंडली काढायला घेतली आणि दोन दिवसांनी भलत्याच ठिकाणी जाऊन पोचलो: लंडन, स्कॉटलंड, मुंबई, आणि शेवटी महाडजवळचं बिरवाडी नावाचं गाव. तिथून आमचं किन्हवली फार लांब राहत नाही, म्हणजे नकाशावर नाही, पण गोष्टीत.

(सूचना: मी डॉक्टर नाही, कंप्युटरवाला आहे. हा इतिहासावरचा लेख आहे, औषधाची चिठ्ठी नव्हे. गोळी डॉक्टरला विचारूनच घ्यायची.)

तर आधी थोडी पूर्वपीठिका. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. १८९४-९५ च्या सुमारास जॉर्ज ऑलिव्हर नावाचा इंग्लंडमधला डॉक्टर आणि लंडनचे प्राध्यापक शेफर यांनी या ग्रंथीचा अर्क प्राण्यांना टोचून पाहिला, तर रक्तदाब एकदम भसकन वर गेला. १९०१ मध्ये ताकामिने जोकिची या जपानी रसायनतज्ज्ञाने अमेरिकेत त्या अर्कातला मुख्य पदार्थ शुद्ध स्वरूपात काढल्याचं जाहीर केलं. तेच ॲड्रेनलिन. पुढे १९४६ मध्ये स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी दाखवलं की आपल्या मज्जातंतूंच्या टोकांतून त्याचा सख्खा भाऊ, म्हणजे नॉरॲड्रेनलिन, पाझरत असतो. या सगळ्या भावंडांचं घराण्याचं नाव कॅटेकोलामाइन्स. वाघ दिसला, क्लायंट दिसला, किंवा अंधारात पायाखाली काही वळवळलं, की ही मंडळी रक्तात सुटतात. छाती धडधडते, तळवे घामेजतात, हातपाय गार पडतात.

गंमत अशी की एकच रसायन एका जागी नळी आवळतं आणि दुसऱ्या जागी सैल करतं. हे कसं काय? १९४८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या रेमंड आल्क्विस्टने याचं सोपं उत्तर दिलं: किल्ली एकच, पण कुलपं दोन जातींची. एकाला त्याने आल्फा म्हटलं, दुसऱ्याला बीटा. रक्तवाहिन्या आवळतात त्या मुख्यतः आल्फा कुलपामुळे. हृदय जोरात आणि भरभर चालतं ते बीटामुळे. बरीच वर्षं या कल्पनेकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. पाहिलं ते जेम्स ब्लॅक या स्कॉटिश माणसाने. त्याचा विचार अगदी इंजिनिअरी होता. हृदयाला रक्त कमी पडतंय तर सगळे जण पुरवठा वाढवायच्या मागे लागलेत, मग मी मागणीच का कमी करू नये? बीटा कुलपात खोटी किल्ली अडकवून ठेवायची, म्हणजे खरी आत जाणार नाही. आयसीआय कंपनीत बसून त्याने ते केलं, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर प्रोप्रॅनोलॉल बाजारात आलं. १९८८ मध्ये ब्लॅकला नोबेल मिळालं.

इथे जाता जाता मुंबईचाही एक धागा आहे. हेच प्रोप्रॅनोलॉल भारतात सिपलाने बनवायला घेतलं तेव्हा आयसीआयने दिल्लीत तक्रार केली, आणि सिपलाचे युसुफ हमीद यांनी सरकारपुढे उलट बाजू मांडली, अशी हकीकत हमीद स्वतः सांगत आले आहेत. १९७० चा पेटंट कायदा एप्रिल १९७२ मध्ये लागू झाला आणि औषधाच्या पदार्थावर पेटंट देणं भारतात बंद झालं, ते थेट २००५ पर्यंत. माझ्या मित्राची गोळी पाच कप चहाच्या किमतीत पत्ताभर मिळते त्यामागे हे सगळं आहे. पण तो वेगळा विषय. असो.

आता किन्हवलीकडे वळतो.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या मधलं. आसनगावला लोकलमधून उतरायचं आणि पुढे एसटी नाहीतर जीप. सह्याद्रीच्या पायथ्याचा मुलूख, भाताची खाचरं, माळाला दगड, आणि जुन्या घरांना कुडाच्या भिंती. विंचवांना याहून चांगली सोसायटी कुठे मिळणार? उन्हाळ्यात राबासाठी पाला गोळा करताना, सरपण ओढताना आणि दिवाळीच्या मागेपुढे भाताच्या पेंढ्यात हात घालताना विंचू हमखास भेटतो. काळी, मोठी, जाड नांग्यांची इंगळी दिसायला भयंकर. पण खरा घात करतो तो लहान, तांबूस, बारीक नांग्यांचा आणि जाड शेपटीचा लाल विंचू. कोकणपट्टीत याचीच दहशत.

माझे थोरले काका मी पाहिलेले नाहीत. माझ्या वडिलांनीही जेमतेम पाहिले. १९७४ च्या आसपासची गोष्ट, काका आठ वर्षांचे होते. पडवीत पेंढ्यावर खेळताना विंचू डसला. पोरगं बोंबलत सुटलं. भगताला बोलावलं. त्याने मंत्र टाकला, पाला फिरवला, हात झटकला, आणि थोड्या वेळाने पोराचं रडणं थांबलं. "इंचू उतरला," सगळे म्हणाले. पोराला ओकाऱ्या होत होत्या, अंग घामाने निथळत होतं, हातपाय बर्फासारखे गार. पण दुखतंय का विचारलं तर मान हलवून नाही म्हणायचं. पहाटे धाप लागली, तोंडाला गुलाबी फेस आला. बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं.

आजी ही गोष्ट सांगते तेव्हा एका जागी नेहमी थांबते: उतरला होता, मग गेला कसा?

या प्रश्नाला आमच्या घरात पन्नास वर्षं वेगवेगळी उत्तरं दिली गेली. भगत कच्चा होता. अमावास्या होती. नवस राहिला होता. आमचे शिकलेले वडील म्हणायचे, विष होतं, भिनलं, मेला, त्यात काय कळायचंय? पण खरं उत्तर यातलं एकही नाही, आणि ते मला प्रोप्रॅनोलॉलच्या मागे हिंडता हिंडता सापडलं.

लाल विंचवाचं विष सापाच्या विषासारखं रक्त गोठवत-पातळ करत नाही. ते मज्जातंतूंच्या पडद्यातल्या सोडियमच्या दारांवर बसतं. ही दारं पापणी लवायच्या आत उघडून मिटायची असतात, विष ती मिटूच देत नाही. मग तंतू एकसारखा संदेश सोडत राहतो, अनंत लूप लागल्यासारखा. यात आपोआप चालणारी सगळी मज्जासंस्था सापडते. आधी एक लाट येते ती ओकाऱ्या, लाळ आणि घामाची. आणि मग ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिनचं धरण फुटतं. म्हणजे माणूस विंचवाच्या विषाने थेट मरत नाही, तर त्या विषाने उधळलेल्या स्वतःच्याच कॅटेकोलामाइन्सने मरतो. आपल्या भाषेत बोलायचं तर बाहेरचा हल्लेखोर फक्त एक छोटी स्क्रिप्ट चालवून निघून जातो, सर्व्हर पाडतात ते आपलेच प्रोसेस.

इस्रायलच्या बेर्शेबामध्ये मोशे गेरॉन आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकात हेच मांडत होते. विंचू चावलेल्या रुग्णांचं हृदय दुखावतं आणि त्यांच्या लघवीत या रसायनांचे अवशेष वाढलेले दिसतात, असं त्यांनी छापलं. पण त्यांचे विंचू वाळवंटातले, आणि त्यांचे रुग्ण बऱ्यापैकी मोठ्या हॉस्पिटलात पोचणारे. कोकणात पोचायचं कुठे? आणि पोचला तरी मिळायचं काय, तर ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीची इंजेक्शनं, झोपेची औषधं. जे जे कपाटात असेल ते ते.

१९७६ साली रायगडातल्या (तेव्हाचा कुलाबा जिल्हा) महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाला. नाव हिम्मतराव बावस्कर. मूळ जालन्याकडचा, भोकरदन तालुक्यातलं देहेड हे गाव, घरची गरिबी, नागपुरात एमबीबीएस. आपलं आत्मचरित्र त्यांनी 'बॅरिस्टरचं कार्टं' या नावाने लिहिलं आहे. बिरवाडीत त्यांच्यापुढे विंचू चावलेली माणसं यायला लागली. त्यात मुलं खूप. रात्री दाखल झालेलं मूल पहाटे जायचं, ते कधी फेस येऊन तर कधी गार पडून. पुस्तकात या आजाराला जेमतेम चार ओळी.

इथे मला त्या माणसाबद्दल जो आदर वाटतो तो नोबेलवाल्या ब्लॅकपेक्षाही कणभर जास्तच आहे, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. ब्लॅकच्या मागे आयसीआयची प्रयोगशाळा होती. बावस्करांकडे काय होतं? स्टेथोस्कोप, रक्तदाब मोजायचं यंत्र, वही आणि रात्र. रुग्णाच्या उशाशी बसायचं आणि दर थोड्या वेळाने टिपायचं: नाडी, दाब, हातपाय गार की गरम, घाम, उलटी, छातीतले आवाज. लहान मुलग्यांमध्ये शिश्न ताठरतं, हे लक्षणही त्यांनी नोंदवलं. आईबाप लाजेने बोलत नाहीत, पण मज्जासंस्थेत वादळ उठल्याचा तो स्पष्ट निरोप असतो. लॉग नीट वाचल्याशिवाय बग सापडत नाही हे आम्हाला सिनिअर लोक रोज ऐकवतात. इथे लॉग लिहिणाराही तोच आणि वाचणाराही तोच.

यातून निघालेलं निरीक्षण १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. म्हणजे लंडनच्या त्या जगप्रसिद्ध साप्ताहिकात, महाड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रातून! लाल विंचू चावल्यावर हृदयावर संकट येणार आहे हे आधीच सांगणारी लक्षणं कोणती, असा तो लेख. उलट्या, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय ही जोडी त्यात महत्त्वाची.

आणि आता आजीच्या प्रश्नाकडे. ज्या रुग्णाला दंशाच्या जागी प्रचंड आग होते, तो बोंबलतो, पण उलटी-घाम-गारठा काही नाही, तो बहुतेक वेळा वाचतो. विष फार गेलेलं नसतं. उलट ज्याच्या शरीरात वादळ उठलेलं असतं त्याला दंशाच्या जागी वेदना नगण्य असते. आणि तो बरा व्हायला लागला की काय होतं माहितीये? ती जागा पुन्हा ठणकायला लागते.

पुन्हा एकदा वाचा ते. काकांचं रडणं थांबलं तेव्हा विंचू उतरला नव्हता, चढत होता.

यात भगताचंही कोडं सुटतं. बहुसंख्य दंश साधे असतात, त्यांची आग काही तासांत आपसूक कमी होते. मंत्र टाका, कांदा चोळा किंवा नुसते बसून राहा, श्रेय जो समोर असेल त्याला. आणि जो दंश जीवघेणा असतो त्यातही वेदना थांबते, म्हणजे मंत्र तिथेही 'लागू' पडल्यासारखाच दिसतो. नंतर पोर गेलं तर ते नशीब. असा धंदा आहे की ज्यात प्रत्येक टेस्ट केस पास होते. भगत लबाड होता असं मला अजिबात वाटत नाही. त्यालाही तसंच दिसत होतं. संत एकनाथांनी विंचवावर भारूड रचलं ते काही उगाच नाही, मराठी माणसाच्या जगण्यात ही वेदना आणि तिचा उतारा इतका जवळचा आहे. पण वेदना हाच आजार मानला की फसायला होतं.

बरं, निदान झालं. औषध कुठलं?

इथे माझ्यासारख्या अर्धवट वाचणाऱ्याला पटकन वाटेल की ॲड्रेनलिनचा पूर आलाय ना, मग द्या बीटा-ब्लॉकर! मित्राची तीच गोळी. धडधड थांबेल. आणि हीच चाल उलटी पडू शकते. का, ते समजायला विहिरीवरचा पंप डोळ्यांपुढे आणा. पंप म्हणजे हृदय, पाइप म्हणजे रक्तवाहिन्या. विंचवाच्या वादळात पाइपांचे सगळे व्हॉल्व्ह आवळले जातात (आल्फा), आणि पंपही पिसाटासारखा पळतो (बीटा). बंद व्हॉल्व्हवर पंप ढकलतोय, मोटर तापतेय, पाणी मागे तुंबतंय. ते तुंबलेलं पाणी म्हणजे फुफ्फुसात साचणारा द्रव, तोच गुलाबी फेस. आता तुम्ही व्हॉल्व्ह तसेच आवळलेले ठेवून पंपाचा जोरच काढून घेतला तर काय होईल? तुंबणं वाढेल. शिवाय काही स्नायूंतल्या रक्तवाहिन्या बीटामुळे सैल होतात, तीही वाट बंद. मैदान आल्फाला मोकळं.

डॉक्टरांना हा धडा दुसऱ्या एका आजाराने आधीच शिकवला होता. त्याच टोपीसारख्या ग्रंथीत कधी एक गाठ होते, फिओक्रोमोसायटोमा तिचं नाव, ती ॲड्रेनलिन ओतत राहते. तिथे पक्का नियम आहे: आधी आल्फा अडवा, बीटा नंतर. क्रम चुकला तर रक्तदाब जीवघेणा वर जाऊ शकतो. दोन्ही औषधं बरोबर, रुग्ण तोच, फक्त क्रम उलटा, आणि निकाल उलटा. सॉफ्टवेअरवाल्यांना हे सांगायला नको.

बावस्कर मधल्या काळात पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एमडी करून महाडला परतले होते. चांगली शहरं सोडून परत तिथेच, विंचवांकडे. डोक्यात एक गोष्ट पक्की होती: व्हॉल्व्ह उघडायला हवेत. पहिलं हत्यार मिळालं ते सोडियम नायट्रोप्रुसाइड, शिरेतून थेंबाथेंबाने देण्याचं रक्तवाहिन्या सैल करणारं जहाल औषध. फेसाने गुदमरत असलेल्या एका लहान मुलाला त्यांनी ते दिलं, स्वतः शेजारी बसून दाब मोजत राहिले, आणि मूल वाचलं. पण हे औषध म्हणजे दोरीवरची कसरत. एक थेंब इकडेतिकडे झाला तर दाब कोसळणार. उजेडात ठेवलं तर खराब होणार. सतत पहारा हवा. एका डॉक्टरने एका पोरासाठी रात्रभर जागणं वेगळं आणि किन्हवली, बिरवाडी, पोलादपूर अशा शेकडो ठिकाणी चालेल असा उपाय वेगळा. आमच्या भाषेत, स्केल होत नाही.

तेव्हा प्राझोसिन नावाची गोळी रक्तदाबासाठी बाजारात होती. साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची. ती नेमकी रक्तवाहिन्यांवरचं आल्फा कुलूप (त्यातलं 'आल्फा-१') अडवते. व्हॉल्व्ह उघडतात, पंपावरचा भार उतरतो, आणि नाडी फारशी उसळत नाही. आल्फाच्या दाबाखाली इन्शुलिन स्रवणंही रोडावलेलं असतं, ते पुन्हा सुरू व्हायला मदत होते. बावस्करांनी ती विंचूदंशाला द्यायला सुरुवात केली. १९८६ मध्ये लॅन्सेटमध्येच याचा वृत्तांत आला, सहलेखिका त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर. पुढची कित्येक वर्षं या जोडप्याच्या नावाने महाडहून शोधनिबंध जात राहिले. त्यांनी दिलेल्या आकडेवारीचा सारांश असा: आधी गंभीर रुग्णांत तीस टक्क्यांच्या घरात मृत्यू, प्राझोसिननंतर एक टक्क्याच्या आसपास.

एक गोळी. मुलांना वजनाच्या हिशोबाने, किलोला ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी. मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅमही नाही! पथ्य एवढंच की पहिल्या मात्रेनंतर दाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं, कडेवर उचलून फिरवायचं नाही. आणि उलट्या-घामाने गेलेलं पाणी भरून काढायचं.

याला विरोध झाला नाही असं नाही. मुंबईत परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या शरीरक्रियाशास्त्र विभागातले राधाकृष्ण मूर्ती इन्शुलिन-ग्लुकोजचा उपाय हिरिरीने मांडत होते, त्यामागे त्यांचे स्वतःचे प्रयोग होते. ॲट्रोपिन अनेक ठिकाणी सवयीने दिलं जायचं. ते हृदयाला मिळणारा उरलासुरला ब्रेकही काढून टाकतं, म्हणून बावस्कर त्याच्या विरोधात लिहीत राहिले. शिवाय एक मोठा आक्षेप शिल्लक होता: आधीचे मृत्यू आणि नंतरचे मृत्यू अशी तुलना म्हणजे पक्का पुरावा नव्हे. मधल्या काळात रस्ते झाले, जीपा आल्या, लोक लवकर पोचू लागले. आक्षेप रास्त आहे. पण ज्याने डोळ्यांसमोर मुलं वाचताना पाहिली त्याने अर्ध्या मुलांना प्राझोसिन न देता बसून राहायचं का? मला नाही वाटत.

पक्क्या पद्धतीची तुलना झाली ती नंतर, आणि वेगळ्या प्रश्नावर. लाल विंचवाच्या विषावरची प्रतिलस मुंबईच्या हाफकिनने बनवली होती. मग प्रश्न आला, नुसती प्राझोसिन की प्राझोसिन अधिक लस? २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवरची, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली चाचणी छापली. दहा तासांनंतर पूर्ण बरे झालेले: लस आणि गोळी मिळालेल्या ३५ पैकी ३२, नुसती गोळी मिळालेल्या ३५ पैकी ८. म्हणजे ज्या माणसाने प्राझोसिन रुजवलं त्यानेच छापून सांगितलं की माझी गोळी एकटी असण्यापेक्षा लसीबरोबर जास्त चांगली. आपल्या स्वतःच्या कोडवर असा रिव्ह्यू लिहिणारे किती जण पाहिलेत तुम्ही? २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे सगळं मी मे महिन्यात गावी गेलो तेव्हा आजीला सांगितलं. आल्फा-बीटा वगळून, पंपाची गोष्ट सांगून. पंप तिला लगेच कळला. दुखणं थांबतं ते वाईट आणि परत सुरू होतं ते चांगलं, हे मात्र तिने दोनदा विचारून घेतलं. मग बराच वेळ पानाची डबी चाळवत बसली. "म्हंजे पोर गप झाला तवाच नेयाचा होता," ती म्हणाली. मी म्हटलं, आजी, १९७४ साली शहापूरला नेलं असतंस तरी तिथे हे कोणालाच माहीत नव्हतं. जगात कुठेच धड माहीत नव्हतं. बावस्कर बिरवाडीत आले तेच त्यानंतर दोन वर्षांनी. हे ऐकून तिला बरं वाटलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण भगताला शिव्या घालायची ती थांबली आहे, असं आई फोनवर म्हणाली.

बाकी बीटा-ब्लॉकरची गोष्टही पुढे बरीच फिरली. हृदय कमजोर असलेल्याला ही गोळी म्हणजे विष, असं डॉक्टर वर्षानुवर्षं शिकत होते. १९७५ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये वागस्टाइन आणि मंडळींनी मूठभर अशा रुग्णांना ती अगदी सावधपणे दिली, तर ते सुधारले. फारसं कोणी मानलं नाही. १९९९ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले तेव्हा कुठे मान्य झालं की दीर्घकाळ चाललेल्या हृदयविकारात कॅटेकोलामाइन्सचा रोजचा मारा हृदयाला झिजवतो, आणि बीटा-ब्लॉकर हळूहळू वाढवत दिला तर आयुष्य वाढतं. म्हणजे वादळात जो नको तोच पुढे रोजच्या रिपरिपीत हवा. आणि जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये वर्णन केलेला 'ताकोत्सुबो' तर अजबच: जबर मानसिक धक्क्याने हृदयाचं टोक फुग्यासारखं फुगतं, आकार ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा. अमेरिकेत २००५ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तात कॅटेकोलामाइन्स प्रचंड वाढलेले सापडले. वाईट बातमी ऐकून माणूस जागीच कोसळला, असं आपण ऐकतो ना, त्यातली काही प्रकरणं हीच असणार. विंचू न चावता आलेलं विंचवाचं वादळ.

एक शेवटचा तुकडा, कारण तो न सांगता मला झोप येणार नाही. आपल्या याच लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी आयबेरिओटॉक्सिन नावाचा रेणू वेगळा काढला. पेशींतलं पोटॅशियमचं एक विशिष्ट दार तेवढं तो बंद करतो, बाकी दारांना जवळपास हात लावत नाही. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत रक्तवाहिन्यांचा अभ्यास करायला तो वापरतात, आणि किंमत सोन्याला लाजवेल अशी. आमच्या पडवीत चपलेने मारतात त्याच्या शेपटीतला माल तो हा!

गावाकडे सुट्टीला जाणाऱ्यांसाठी एवढंच: पोराला विंचू चावला आणि उलटी, घाम, गार हातपाय यातलं काही दिसलं, तर ते रडतंय की गप आहे ते बघत बसू नका. १०८ ला फोन लावा किंवा मिळेल ती गाडी काढा, आणि डॉक्टरला दंशाची वेळ सांगा.

सिपला आणि आयसीआयच्या भांडणाबद्दल बरंच वाचून झालंय. पुढच्या वीकेंडला रिलीज नसेल तर त्यावर लिहितो.